ऑपरेशन झालं का?

महाराष्ट्राच्या खेड्यात दोन बायका पहिल्यांदा भेटल्या की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. गाव कुठलं, माहेर कुठलं, पोरं किती, आणि मग, "ऑपरेशन झालं का?" कुठलं ऑपरेशन, असं उलट कुणी विचारत नाही. अपेंडिक्सचं असेल तर तसं सांगावं लागतं, मोतीबिंदूचं असेल तर तसं. नुसतं ऑपरेशन म्हटलं की ते एकच. त्यात टाक्याचं आणि बिनटाक्याचं असे दोन पोटभेद, आणि कुणी कितव्या बाळंतपणानंतर कुठल्या दवाखान्यात करून घेतलं हे अख्ख्या आळीला माहीत. कुटुंबनियोजन हा शब्द आरोग्य केंद्राच्या भिंतीवर राहिला. बोलण्यात उतरलं ते ऑपरेशन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा ०.४ टक्के. त्याच फेरीत राज्याचा जननदर १.७ निघाला, म्हणजे आजचं प्रमाण कायम राहिलं तर एका बाईला आयुष्यात सरासरी इतकी मुलं होतील. १९९२-९३च्या पहिल्या पाहणीत हाच आकडा २.९ होता. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला साधारण २.१ लागतो. आपण त्याच्या कधीच खाली आलो आहोत.

हे कसं घडलं, याचं उत्तर दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणांत तयार असतं. मुलगी शिकली, प्रगती झाली, कुटुंब लहान झालं. पुराव्याला आकडेही आहेत. त्याच पाहणीत देशभरातल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांचा जननदर २.८ आहे आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. एका अख्ख्या मुलाचा फरक. आकडा खरा आहे. पण "मुलींना शिकवा, लोकसंख्या आटोक्यात येईल" हे त्यातून काढलेलं वाक्य मला वर्षानुवर्षं खटकत आलंय, आणि गेल्या दोनेक वर्षांत तर ते धोक्याचं वाटू लागलंय. का, ते सांगते.

आधी शाळा नेमकं करते काय ते पाहू. पाठ्यपुस्तकातून मुलींना गर्भनिरोधनाचं ज्ञान मिळतं आणि म्हणून मुलं कमी होतात, असं कुणी समजत असेल तर त्याने दहावीचा एखादा वर्ग पाहावा. प्रजननाचं प्रकरण आलं की "हे घरी वाचून या" असं सांगून शिक्षक पुढच्या प्रकरणाकडे वळतात, आणि घरी ते वाचायला कुणी पुस्तक उघडं ठेवू देत नाही. ज्ञानाचा वाटा असतोच, पण तो पुढे येतो. शाळेचा पहिला परिणाम फार साधा आहे. शाळा वेळ काढते. "शिकतेय अजून" या दोन शब्दांत दारात आलेलं स्थळ परतवण्याची ताकद असते. "घरीच असते" या शब्दांत ती नसते. मध्यस्थाला, आत्याला, भावकीतल्या वडीलधाऱ्याला न दुखावता नाही म्हणायची ही एकच सोय गरीब बापाकडे असते. अकरावीला प्रवेश घेतलेली मुलगी रोज वर्गात जाते की नाही, याला त्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही. हजेरीपटावर नाव आहे, हे पुरतं.

म्हणून मुलीची शाळा कुठे संपते, हे बहुतेकदा रस्ता ठरवतो. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढे फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं आणि तिथून एसटी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसही धावतात. ती बस वेळेवर येते तोवर मुलगी शिकते. एखाद्या पावसाळ्यात फेरी बंद झाली किंवा फाट्यावर पोरांचं टोळकं बसू लागलं, की दिवाळीपर्यंत घरात स्थळांची चर्चा सुरू. पुढच्या दिवाळीला ती बाळंतपणाला माहेरी आलेली असते. देशात २५ ते ४९ वयाच्या बायका घेतल्या तर न शिकलेल्यांच्या लग्नाचं मधलं वय सतराच्या आसपास पडतं, बारावीपुढे शिकलेल्यांचं बाविशीच्या पुढे. मधली ही पाचेक वर्षं हाच त्या एका मुलाच्या फरकाचा मोठा हिस्सा आहे.

ही वर्षं जिथे मिळत नाहीत, तिथलं गणित बघायचं तर बीडकडे जावं लागतं. त्याच पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण जवळपास ४४ टक्के होतं, परभणीत ४८. अडाणीपणा, रूढी, मागासलेपण हे शब्द अशा वेळी लगेच हाताशी येतात. पण बीडच्या डोंगरपट्ट्यात यामागे रोकडा हिशोब आहे. ऊसतोडीच्या धंद्यात मजुराची मोजणी माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. एकट्या पोराला उचल मिळायची तर त्याला जोडी लागते, म्हणून त्याचं लग्न. आणि ज्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे, त्या घरापुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रश्न असतो: हिला उसाच्या फडावर न्यायची, तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, घरी ठेवायची, तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची? लग्न लावून दिलं की जबाबदारी सासरची. शाळेतून तिचं नाव कुणी काढत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती फक्त दिसत नाही.

पुढचं सगळं भरभर होतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, विशीच्या आत दुसरं, पहिल्या दोन मुली असतील तर तिसरं, आणि बाविशी-तेविशीत ऑपरेशन. फडावर खाडा पडला की दंड, त्यामुळे पाळी, अंगावरचं जाणं, पोटदुखी हे सगळं उसाच्या मोळीबरोबर डोक्यावर घेऊन चालायचं. २०१९मध्ये या भागातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाला, तेव्हा सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी हा तिकडचा शब्द. "पिशवी काढली, आता कटकट नाही," हे वाक्य मी पस्तिशीसुद्धा न गाठलेल्या एका बाईच्या तोंडून ऐकलंय. तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

आता लोकसंख्येच्या तक्त्यात ही बाई कुठे बसते ते बघा. दोन मुलं, वेळेवर ऑपरेशन. पुण्यात लठ्ठ पगाराची नोकरी करणारी, तिशीत लग्न केलेली आणि दोन मुलांवर थांबलेली इंजिनियर जिथे बसते, अगदी तिथेच. १.७ या आकड्यात दोघींचं वजन सारखं. लहान कुटुंब हेच यश मानायचं असेल तर दोघीही यशस्वी आहेत.

इथेच माझा पहिला आक्षेप आहे. मुलं कमी व्हायला बाई शिकलेली असावीच लागते असं नाही. आंध्र प्रदेशाने हे फार आधी दाखवून दिलं. २००५-०६च्या पाहणीतच तिथला जननदर १.८वर आला होता, आणि बायकांच्या शिक्षणात ते राज्य केरळच्या आसपासही नव्हतं. अठराच्या आत लग्न, लागोपाठ दोन मुलं आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन, हा तिथला सरसकट रस्ता होता. बांगलादेशाची गोष्ट वेगळी, पण याच दिशेची. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तिथे बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत, नव्वदच्या दशकाच्या मध्यात साडेतीनच्या खाली. तिथल्या बहुसंख्य बायकांना तेव्हाही वाचता येत नव्हतं. दारोदार गोळ्या घेऊन फिरणाऱ्या गावच्याच कार्यकर्त्या बायकांनी ते घडवलं. त्या बायकांबद्दल मला आदर आहे, कारण त्या दारात येऊन बोलत होत्या. आपल्याकडच्या शिबिरांत बोलण्याला वेळच नव्हता. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४मध्ये एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यानंतर किमान तेरा बायका मेल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

म्हणजे नुसता आकडा खाली आणायचा तर टेबल, दुर्बीण आणि उद्दिष्टाचा कागद एवढं पुरे होतं. शाळा बांधायची गरज नाही.

दुसरीकडे, शिक्षणाचा आणि मुलांच्या संख्येचा संबंध एकाच दिशेने वाहतो, हेही खरं नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ पी. एन. मारी भट यांनी दोन दशकांपूर्वी हे आकड्यांनी मांडलं होतं: भारतातला जननदर घसरला त्यात निम्म्याहून मोठा वाटा न शिकलेल्या बायकांना कमी मुलं होऊ लागल्याचा आहे, आणि कुटुंब लहान झाल्यामुळे मुलींना शाळेत जायला मिळालं, हा उलटा प्रवाहही तितकाच खरा. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी चौथीतून शाळा सुटलेल्या. त्या स्वतः सात भावंडांतल्या तिसऱ्या, त्यामुळे धाकट्यांना सांभाळायला घरी बसलेल्या. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं मूल आणि तिच्या वाटचं दप्तर कायम खुंटीला, हे चित्र माझ्या पिढीने सर्रास पाहिलंय. मावशींनी दोन मुलांनंतर ऑपरेशन केलं. का, तर "दोघांचीच फी झेपंल." इंग्लिश मीडियमच्या फीने या राज्यात किती बाळंतपणं टाळली, याची कुणी मोजदाद केलेली नाही, केली तर आरोग्य खात्याला लाज वाटेल. मावशींची मुलगी आज नर्स आहे. इथे शिक्षणाने कुटुंब लहान केलं हे खरंच, फक्त आईच्या शिक्षणाने नव्हे. मुलीच्या तेव्हा अजून न झालेल्या शिक्षणाने, ज्याची आईला आस होती.

मग आईच्या शिक्षणाने बदलतं काय? दोन मुलांत अंतर राहतं. तांबी आणि गोळी या ऑपरेशनच्या अलीकडच्या वाटा आहेत हे तिला माहीत होतं आणि त्या मागायची हिंमत होते. दिलेल्या कागदावर अंगठा न उठवता ती तो वाचते. मूल आजारी पडलं तर सासूबाईंच्या होकाराची वाट न पाहता दवाखाना गाठते, त्यामुळे मुलं जगतात, आणि जगतील याची खात्री असल्यावर "एखादं जास्त असू दे" हा जुना विमा लागत नाही. आणि नवऱ्याशी या विषयावर बोलते. ही शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण आपल्याकडची असंख्य लग्नं या एका संभाषणावाचून पार पडलेली आहेत. म्हणजे शिक्षण मुलं कमी करतं यापेक्षा, किती आणि केव्हा हे ठरवण्याच्या बैठकीत ते बाईला बसवतं. बसल्यावर बहुतेक जणी कमी म्हणतात, कारण वेणा त्यांना येतात.

हे बोलायची हिंमत महाराष्ट्रात कुणी केली आणि आपण त्यांचं काय केलं, याची एक घरगुती गोष्ट आहे. धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, १९१६मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तेच हे साल. त्यापायी नोकरी गेली. १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले, अश्लीलतेचे खटले झेलत राहिले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. वडिलांना शंभराव्या वर्षी, १९५८मध्ये, भारतरत्न मिळालं. वडिलांचं काम मोठं होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण बापलेकांच्या वाट्याला आलेल्या या दोन पावत्या शेजारी ठेवल्या की आपल्या समाजाची मर्यादा कुठे होती ते कळतं. बाई शिकायला हरकत नाही, विद्यापीठात जायला हरकत नाही. तिच्या शरीराचा विषय तेवढा काढू नका. रघुनाथरावांचं म्हणणं असं की तो विषय काढल्याशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे.

आंबेडकर खटल्यावर थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधनं लोकांना सरकारने उपलब्ध करून द्यावीत असा ठराव मांडला. त्या भाषणात एक मुद्दा असा होता की बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकानेही आयुष्यात एकाहून जास्त मूल होऊ द्यायला संमती दिली नसती. ठराव दणदणीत बहुमताने फेटाळला गेला. आणि मग १९७६ साल येतं. आणीबाणी चालू आहे, आणि महाराष्ट्राचं विधिमंडळ तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक मंजूर करतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. जिथे ३८ वर्षांपूर्वी स्वेच्छेने साधन वापरायची सोयही नामंजूर झाली, तिथे सक्ती मंजूर झाली. त्या १९७६-७७ सालात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी झाल्या, बहुतांश पुरुषांच्या. त्याचा फटका पुढच्या निवडणुकीत बसला. राजकारण्यांनी त्यातून धडा घेतला तो असा की पुरुषांना हात लावायचा नाही. तेव्हापासून टेबलावर बाई आहे. ४९ टक्के आणि ०.४ टक्के हे आकडे तिथून आलेत.

एक कबुली इथे द्यायला हवी, कारण शिक्षणाची आरती ओवाळणारे ती देत नाहीत. शिकलेल्या बाईने आणि शिकलेल्या घराने मुलं कमी केली, तेव्हा कमी झालेल्यांत मुली जास्त होत्या. २००१च्या जनगणनेत साखर, दूध आणि कॉलेजांनी समृद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पन्हाळा तालुक्यात आठशेच्याही आत. २०११मध्ये ही बदनामी बीडकडे गेली, ८०७. दहा मुलं होत होती तेव्हा मुलगा होण्याची वाट बघायला वेळ होता. दोनातच बसवायचं ठरलं की सोनोग्राफीचं यंत्र कामाला लागलं. साताऱ्यात २०११मध्ये 'नकुसा' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. नावं ठेवणाऱ्या आया बहुतेक कमी शिकलेल्या होत्या. शिकलेल्या घरांत नकुसा जन्मालाच येत नव्हती. या बायकांना बैठकीत जागा मिळाली होती असं म्हणवत नाही. डिग्री होती, पण विषयपत्रिका सासूबाईंची होती. कधी त्यांची स्वतःचीही, हेही लिहायला हवं.

आता माझा दुसरा आक्षेप, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. 'लोकसंख्या कमी करण्यासाठी मुलींना शिकवा' असं आपण सत्तर वर्षं म्हणत आलो, तर ज्या दिवशी राज्यकर्त्यांना लोकसंख्या वाढवावीशी वाटेल त्या दिवशी काय म्हणणार? तो दिवस आलाय. ऑक्टोबर २०२४मध्ये चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं जन्माला घाला असं आवाहन केलं आणि पुढच्याच महिन्यात आंध्रने दोन अपत्यांची स्थानिक निवडणुकीतली अट काढून टाकली. डिसेंबरमध्ये नागपुरात मोहन भागवतांनी सांगितलं की जननदर २.१च्या खाली गेला की समाज नष्ट होतो, म्हणून दोनाहून जास्त मुलं हवीत. कारणं वेगवेगळी आहेत, कुणाला लोकसंख्येवर ठरणाऱ्या लोकसभेच्या जागांची चिंता, कुणाला समाजाची. पण अशा भाषणांच्या पाठोपाठ नाक्यावरची चर्चा आपोआप एकाच ठिकाणी पोहोचते: मुली फार शिकल्या, करियरच्या मागे लागल्या, लग्नं लांबली, एकावर थांबल्या. साधन म्हणून आणलेली गोष्ट काम झालं की अडगळ होते. मुलींचं शिक्षण जननदराला जुंपलं तर दर खाली हवा तेव्हा ते पुण्य आणि वर हवा तेव्हा पाप.

आपल्याच राज्यात या गोंधळाचा कायदेशीर नमुना आहे. सप्टेंबर २००१नंतर तिसरं अपत्य झालेली व्यक्ती महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्य राहू शकत नाही. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव. त्यामुळे होतं असं, की पहिल्या दोन मुली, घराला वंशाचा दिवा हवा म्हणून तिसरं, आणि पद जातं ते सरपंचबाईंचं. तिसऱ्या मुलाचा निर्णय घेणारे सासरे पारावर बसून निकालाची चर्चा करायला मोकळे. व्यासपीठावरून तीन सांगणार, कायदा दोनावर पकडणार. दोन्हीकडे तिचं मत विचारायची तरतूद नाही.

बरं, खरंच जास्त मुलं हवी असतील तर भाषणाऐवजी घड्याळ बघावं. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९मध्ये घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होती, घरकाम करणारा पुरुष ९७. पाच वर्षांनी, २०२४मध्ये, बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटांची ही बचत पुरुषाच्या खात्यात गेली असेल असं वाटेल, पण त्याचीही ९७वरून ८८वर आली. मिक्सर, गॅस आणि कुकरने दोघांनाही मदत केली. एकमेकांनी एकमेकांना नाही. प्रसूती रजेचा कायदा २०१७मध्ये सुधारला, त्यात पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे आणि तिसऱ्याला १२. म्हणजे तिसरं जन्माला घाला म्हणणाऱ्यांनी आपलाच कायदा वाचलेला नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं, असंही त्याच सुधारणेत आलं. तुमच्या कचेरीत ते कुठल्या मजल्यावर आहे, हे एकदा विचारून बघा. दक्षिण कोरियाने बाळांसाठी अफाट पैसा ओतला तरी तिथला जननदर २०२३मध्ये ०.७२पर्यंत उतरला. तिथल्या शिकलेल्या बायकांनी लग्न आणि मूल हा सगळा व्यवहारच तोट्याचा ठरवला, कारण त्यातली सासुरवाड आणि ऑफिस दोन्ही जुनीच राहिली. मुंबईत विरारहून लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या, एका मुलावर थांबलेल्या बाईला हे कोरियन कोडं समजावून सांगावं लागणार नाही.

राज्य सरकारने २०२४मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षण मोफत केलं. चांगला निर्णय. त्यातून जननदर किती उतरेल वा चढेल याचा हिशोब मात्र कुणी मांडू नये, अशी माझी विनंती आहे. मुलाच्या इंजिनियरिंगला प्रवेश घेताना त्याला पुढे किती अपत्यं होतील याचा अंदाज आपण काढत नाही.

आणि शिक्षणाची मजल कुठपर्यंत, याचा एक छोटा प्रसंग. नसबंदीबाबतच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बाई विवाहित असावी, वय २२ ते ४९, एक मूल किमान वर्षाचं असावं, जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. माझी एक मैत्रीण, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर, बँकेत अधिकारी, कोट्यवधींच्या कर्जांवर तिची सही चालते. दुसऱ्या मुलीनंतर तिने ऑपरेशनचा निर्णय घेतला आणि शहरातल्या एका बऱ्या दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे सरकवला आणि मान वर न करता विचारलं, "मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल." मैत्रिणीने नियम सांगितला. काउंटरवरची बाई, तीही कुठल्याशा कॉलेजची पदवीधरच असणार, थोडी ओशाळून म्हणाली, "मॅडम, नियमाचं मला माहीत नाही. पण आमच्याकडे लागते." नवरा खाली गाडी लावत होता. वर आला, कुठे सही करायची ते विचारलं आणि न वाचता केली.